वासाचा रकाना

आमच्या सोसायटीखाली जो भाजीवाला बसतो त्याला माझी एक सवय बिलकूल खपत नाही. मी गाजर उचलते, देठाकडचं टोक नाकाला लावते आणि मगच ते टोपलीत टाकते किंवा परत ठेवते. "मॅडम, गाजर आहे ते, मोगरा नाही," असं त्याने एकदा ऐकवलंही. बाजूच्या दोघी फिस्सकन हसल्या. पण ही सवय मुळात माझी नाहीच. ती इंगळेबाईंची आहे. मी ती वीसेक वर्षं वापरते आहे, इतकंच.

अंधेरीच्या ज्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकले, तिथल्या प्रयोगशाळेच्या इंगळेबाई सहायक. कागदावर त्यांचं काम काचसामान धुणं, सूक्ष्मदर्शक काढून देणं आणि संध्याकाळी मोजून परत कपाटात ठेवणं. प्रत्यक्षात आम्हाला बुरशी त्यांनीच शिकवली. वर्गात देवस्थळी मॅडम शिकवायच्या, हे खरं. पण मॅडमनी फळ्यावर काढलेली चित्रं आणि सडक्या रताळ्यावरची खरी बुरशी यांचा एकमेकींशी फारसा परिचय नसे. तो करून द्यायला बाई लागत.

ठेंगण्या, काटक, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्यावर कायम एक पांढरा पंचा. नाक मात्र अगदी साधं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यांच्या नाकाची कीर्ती ऐकून येणारे लोक आधी त्या नाकाकडे बघायचे आणि हिरमुसायचे.

प्रयोगशाळेत शिरल्या की बाईंचं पहिलं काम पंखे बंद करणं. मे महिना असो, बाहेरचा परीक्षक आलेला असो, खोकी उघडायची असली की पंखे बंद. आम्ही घामाने निथळत असू, बाईंवर परिणाम शून्य.

"बीजाणू उडतात गं. इथले उडून त्या खोक्यात गेले तर माझ्या तीन आठवड्यांची वाट लागेल. घामाने कुणी मेलंय का आजवर?"

खोकी म्हणजे चपलांची रिकामी खोकी. खिडकीजवळच्या कपाटात त्यांची रांग असे. आत ओला कागद, त्यावर एखादं रताळं, गाजर किंवा बीट आणि झाकणावर बाईंच्या वळणदार अक्षरात तारीख आणि नाव. प्रात्यक्षिकाच्या दिवशी बुरशी ऐन भरात हवी. आदल्या दिवशी ती कोवळी असते आणि दुसऱ्या दिवशी नुसता चिखल. म्हणून बाई परीक्षेच्या तारखेपासून उलटे दिवस मोजत यायच्या आणि त्याप्रमाणे एकेका कंदाला सुईने टोचून, त्यात बुरशी सोडून ठेवायच्या. "साल शाबूत असली तर बुरशी दार वाजवून निघून जाते," त्या सांगायच्या. "जखम दिसली की शिरते. शेतात कुदळ लागते, पोतं आपटतं, तिथेच सगळं ठरून जातं. गोदामात येते ती नुसती वेळ झाली म्हणून येते."

बुरशींची लॅटिन नावं त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होती, पण बोलताना त्या आपलीच नावं वापरत. रताळ्यावर दोन दिवसांत पांढरे केस उगवून त्यांच्या टोकांना काळे ठिपके लावणारा रायझोपस म्हणजे 'घाईवाला'. गाजरावर कापूस पसरून त्यात उंदराच्या लेंड्यांसारखे काळे दाणे टाकून जाणारी, ती 'लेंडीवाली'. आणि रताळ्याच्या सालीवर गोल, काळे, किंचित खोल डाग पाडून शांतपणे आत जाणारी, ती 'केळेवाली', कारण तिने धरलेल्या रताळ्याला पिकल्या केळ्यासारखा गोड वास येतो. या केळेवालीवर बाईंचा विशेष राग होता. बाकीच्या नासाडी करतात, ही फसवते, असं त्यांचं म्हणणं. डाग कापून टाकला तरी भोवतीचा चांगला दिसणारा गर कडू झालेला असतो. तो उकडा, तळा, तुपात परता, कडूपणा जात नाही, आणि पोटात गेला की बाधतो.

"घाण वासाला भिऊ नकोस," त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "घाण वास सगळ्यांनाच येतो. गोड वास आला की सावध हो."

हे नाक त्यांना कुठून मिळालं, असं एकदा विचारलं होतं. त्या वाशीमकडच्या. त्यांची आई एका मोठ्या शेतकऱ्याकडे बेण्याची हळद निवडायची. सावलीत हळदीच्या गड्ड्यांचा ढीग असायचा आणि आई पदराने हात पुसत एकेक गड्डा हुंगून बाजूला टाकायची. ही शेजारी बसलेली. "आई डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं झोपली बापा ही. मग मीही मिटायला लागले." बारावी, लग्न, वाकोला आणि मग हे कॉलेज. त्यांच्या चरित्राचा एवढाच भाग मला ठाऊक आहे आणि त्यांनी याहून जास्त कधी सांगितला नाही. वऱ्हाडातलं 'काहून' आणि 'बापा' तेवढं जिभेवर राहिलं होतं, बाकी सगळी वाकोल्याची मराठी.

बाईंचा स्वभाव कळायला आमच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा सांगायला हवी. टेबलावर पाच खोकी मांडलेली, प्रत्येकातली बुरशी ओळखायची. तिसऱ्या खोक्यात घाईवाला ठरलेला. सकाळी बाईंनी झाकण उचललं, डोळे मिटले आणि झाकण परत ठेवलं. मी खिडकीजवळ वही चाळत उभी होते, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"मॅडम, तीन नंबरला रायझोपस आहे वर. पण खाली केळेवाली आहे. रताळं आणलं तेव्हाच आत असणार."

देवस्थळी मॅडमना घाई होती. "वर केस दिसतायत ना? मग उत्तरपत्रिकेत रायझोपसच राहू दे. मुलांना कुठे कळणार आहे?"

"एखादीला कळलं तर?"

"बाई, आता वेळ नाही."

"मी चिठ्ठीवर दोन्ही लिहिते. आहे ते लिहिते. नसलेलं कसं लिहू?"

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाहेरून आलेले परीक्षक चहा पीत होते. ते उठले, त्यांनी खोक्यात वाकून वास घेतला, रताळं चिरायला लावलं आणि आत खरंच काळी कड निघाली. त्या वर्षी तिसऱ्या खोक्याची दोन्ही उत्तरं मान्य झाली. मॅडम आठवडाभर बाईंशी बोलल्या नाहीत. बाईंना ते कळलंच नसावं, कारण त्या आठवड्यात त्यांनी सगळी खोकी उन्हात वाळवायला काढली होती आणि त्यांना बोलायला सवड नव्हती.

वाकोल्याच्या त्यांच्या घरी मी पुष्कळदा गेले. दीड खोल्यांचं नीटनेटकं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि ओट्याखाली रताळी मातीसकट एका पत्र्याच्या डब्यात, कागदात गुंडाळलेली. भाजी आणल्या आणल्या धुवायची नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. खायच्या आधी धुवा, ठेवायच्या आधी नाही. करोनाच्या दिवसांत सगळी चाळ भाज्या बादलीत बुडवत होती, साबणाच्या पाण्यातून काढत होती आणि ओल्याच प्लास्टिकच्या पिशवीत भरून फ्रिजमध्ये कोंबत होती. पाचव्या दिवशी गाजरं काळी पडली की बायका भाजीवाल्याला शिव्या घालायच्या. बाई मास्क लावून गॅलरीत उभ्या राहून ओरडायच्या, "अगं, आंघोळ घालून पिशवीत कोंडलंस, तर तेही श्वास कुठून घेणार? वाळव आधी!" कुणी ऐकलं नाही. फोनवर मला हे सांगताना त्या चांगल्याच चिडल्या होत्या.

तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या आणि मी मुलुंडच्या एका भाजीच्या गोदामात गुणवत्तेचं काम बघत होते. लोक मोबाइलवर मागवतात ती भाजी आमच्याकडून निवडून, पिशवीबंद होऊन जाते. आमची सगळ्यात मोठी डोकेदुखी होती गाजर. धुऊन, चकचकीत करून पिशवीत भरलेलं गाजर तिसऱ्या दिवशी काळ्या ठिपक्यांनी भरायचं आणि तक्रारींवर तक्रारी यायच्या. माझ्या हाताखाली दोन पदवीधर होते, त्यांनी दोन अहवाल लिहिले. मी शेवटी गोदामाचे मॅनेजर निमेशभाई यांना म्हटलं, माझ्या एक बाई आहेत, त्यांना एकदा बोलावते.

निमेशभाई घाटकोपरचे, माणूस सरळ, पण त्यांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागते. "डिग्री क्या है उनका?"

"बारावी."

"मग बोलावून काय करणार?"

"त्यांचं नाक बघा तुम्ही एकदा."

बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी पंखे बंद करायला सांगितलं. मग गाजर धुण्याच्या फिरत्या पिंपाशेजारी स्टूल मागून घेतलं आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहिल्या. निमेशभाई दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा बाई उठल्या. "साहेब, सकाळचं पाणी दुपारी पण तेच आहे. पहिल्या पोत्यातली बुरशी शेवटच्या पोत्याला आंघोळ घालते. आणि तुमचा ब्रश कडक आहे. साल सोलली जाते, दिसत नाही इतकी बारीक. पाणी बदला, ब्रश मऊ आणा, आणि वाळल्याशिवाय पिशवी बांधू नका. आणि हो, रताळी अजिबात धुवायची नाहीत. माती असू दे त्यांच्या अंगावर."

तक्रारी बंद झाल्या असं नाही, पण इतक्या कमी झाल्या की निमेशभाईंनी बाईंना कामावरच ठेवून घेतलं. मालाच्या प्रत्येक खेपेबरोबर एक चिठ्ठी फिरते. त्यावर वजन, आकार, रंग असे रकाने असतात. निमेशभाईंनी त्यात एक रकाना वाढवला: वास. त्यात बाई लिहायच्या 'ठीक' किंवा 'नको', आणि खाली सही. बाईंनी 'नको' लिहिलं की ती खेप परत, मग कुणाचाही फोन येवो. "मशीन है ये," असं निमेशभाई पाहुण्यांना सांगायचे.

त्यांना गळ्यात घालायला एक कार्ड मिळालं. कॉलेजात आयुष्यभर त्यांच्या कार्डावर 'चतुर्थ श्रेणी कर्मचारी' छापलेलं होतं. या कार्डावर 'गुणवत्ता परीक्षक' होतं. रविवारी वाकोल्याच्या बाजारात जातानाही त्या ते घालून जात. मी त्यावरून चिडवलं तर म्हणाल्या, "राहू दे गं. भाजीवाल्याला जरा धाक बसतो." धाक वगैरे निमित्त होतं. ते कार्ड त्यांना मनापासून आवडलं होतं आणि मला त्यांचा तो आनंद फार आवडायचा.

मग ती ताप-खोकल्याची लाट आली, फारशी कुणी मनावर न घेतलेली. बाई दोन आठवडे घरी होत्या. परत आल्या त्या थोड्या वाळलेल्या, पण पंखे बंद, पंचा खांद्यावर, सगळं जागच्या जागी. चिठ्ठ्यांवर 'ठीक', 'नको', सही.

दोन-तीन महिन्यांत मला काही गोष्टी दिसायला लागल्या. डब्यातला ठेचा त्या पूर्वी दुरूनच हुंगून "आज लसूण जळला" असं सूनबाईला नावं ठेवायच्या, ते थांबलं होतं. गाजर नाकाशी धरायच्या, डोळे मिटायच्या, पण मग अंगठ्याने दाबून बघायच्या, उजेडात फिरवून बघायच्या. निवडायला बसणाऱ्या बायकांमध्ये दहिसरची सुनंदा होती. तिला त्या सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "तुला काय वाटतं गं?" सुनंदाला वाटायचं बाई शिकवतायत. मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मी तसं वाटून घेतलं.

महाशिवरात्रीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे रताळ्यांचा आठवडा. एरवी रताळ्याकडे ढुंकून न बघणारी घरं त्या दिवसासाठी रताळी मागवतात. त्या वर्षी वरून सूचना आली की गिऱ्हाइकांना माती नको, गुलाबी दिसली पाहिजेत. निमेशभाईंनी एक मोठी खेप गावाकडेच धुऊन मागवली. बाईंना कळलं तेव्हा माल दारात होता. त्यांचं तोंड कडू झालं. क्रेटमागून क्रेट त्यांच्यासमोर उघडत गेले. त्यांनी हुंगलं, दाबलं, चिठ्ठीवर 'ठीक' लिहिलं आणि सही केली.

जेवणाची सुट्टी झाली, सगळे बाहेर गेले. मी रताळ्यांच्या क्रेटजवळून चालले होते आणि मला केळ्याचा वास आला.

आमच्या इमारतीत केळी येत नाहीत. ती दुसऱ्या इमारतीत उतरतात. मी मधला एक क्रेट ओढला, खालची रताळी वर काढली. ओल्या गुलाबी सालीवर लहान लहान काळपट गोल होते. वरवर बघणाऱ्याला ते खरचटल्याच्या खुणा वाटले असते. माझ्यासारख्या मंद नाकाच्या बाईला चार पावलांवरून जो वास आला, तो इंगळेबाईंना क्रेटवर वाकूनही आला नव्हता.

बाई चिठ्ठ्यांच्या टेबलाशी डबा उघडून बसल्या होत्या. मी रताळं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येतोय का तुला?" त्यांनी विचारलं.

"येतोय."

"गोड?"

"गोड."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तापानंतर गेलं गं. आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं येईल आठ दिवसांत."

"बाई, मला सांगायचं होतंत ना! काहून लपवलंत?" मला राग आला होता आणि रडूही येत होतं. त्यांचाच शब्द माझ्या तोंडून निघाला.

"तुला सांगून काय झालं असतं? देवस्थळी मॅडमचं नाक गेलं असतं तर त्यांची डिग्री राहिली असती. तुझं गेलं तर तुझी राहील. माझं काय राहतं, सांग."

मग मला जे सुचलं ते मी बोलले आणि आजही मला त्याची लाज वाटते. मी म्हटलं, "मी ही खेप थांबवते. ओलावा जास्त आहे, असं कारण लिहिते. खोटं नाही ते, ओली आहेतच. तुमचं नाव कुठे येणार नाही."

बाईंनी सुरी घेतली, रताळ्यावरचा काळा गोल कापून बाजूला टाकला आणि त्याच्या शेजारचा चांगला, पिवळसर गर चिरला. चहासाठी टेबलावर पाण्याची विजेची किटली असते, तिच्यात त्या फोडी टाकल्या. दहा मिनिटं आम्ही दोघी ते पाणी उकळताना बघत बसलो. मग एक फोड काढून, फुंकर मारून त्यांनी जिभेवर ठेवली. थोडं थांबून पंच्यात थुंकल्या.

"कडू आहे. जीभ आहे अजून जागेवर," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे उपास नसतो, पण शेजारपाजारी बघितलाय मी. दिवसभर उपाशी राहिलेलं माणूस पहिला घास याचा घेणार. म्हातारी माणसं असतात, पोटुशा असतात. ओलावा म्हणून थांबवशील तर निमेशभाई पंख्याखाली वाळवतील आणि संध्याकाळी पाठवतील. ओळखत नाहीस का तू त्यांना?"

ते खरं होतं. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. 'ठीक'वर एक आडवी रेघ मारली, शेजारी 'नको' लिहिलं. मग खालच्या मोकळ्या जागेत, खोक्यांच्या झाकणांवर असायचं त्याच अक्षरात लिहिलं: 'नाक गेले आहे. जिभेने तपासले. कडू.' सही केली आणि चिठ्ठी घेऊन त्या स्वतः निमेशभाईंच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागून गेले.

निमेशभाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. खेप थांबवायला लगेच फोन केला, हे त्यांचं मोठेपण मला मान्य करायला हवं, कारण शिवरात्र तीन दिवसांवर होती आणि वरून त्यांना जे ऐकावं लागलं ते मी ऐकलं आहे. बाई चार महिने काय तपासत होत्या, असं काही ते बोलले नाहीत. फोन ठेवून म्हणाले, "बैठो ना बाई. आँख तो है. तजुर्बा है. काम चलता है."

"रकाना वासाचा आहे साहेब," बाई म्हणाल्या.

त्यांनी गळ्यातलं कार्ड काढून चिठ्ठीवर ठेवलं. निमेशभाईंनी ते परत त्यांच्याकडे सरकवलं. असं दोनदा झालं. शेवटी ठरलं की बाईंनी पंधरा दिवस यायचं आणि निवडणाऱ्या बायकांना शिकवून जायचं. दुसऱ्या दिवशी त्या वाकोल्याहून बसने चपलांची सहा खोकी पंच्यात बांधून घेऊन आल्या. एकेकीला समोर बसवायच्या, डोळे मिटायला लावायच्या, खोकं नाकाखाली धरायच्या आणि तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायच्या. "बोल. गोड का आंबट? ताडीसारखा? मग घाईवाला." सुनंदाचं नाक सगळ्यांत तयार निघालं. आज वासाच्या रकान्यात तिची सही असते आणि कधीकधी ती 'शंका' असंही लिहिते. ते बाईंनीच शिकवलेलं. येत नसेल तर येत नाही म्हणायचं, एवढंच त्या शेवटच्या दिवशी सांगून गेल्या. समारंभ त्यांनी करू दिला नाही. वडे मात्र खाल्ले.

मी महिनाभराने त्यांच्या घरी गेले, ती आमची मुंबईतली शेवटची भेट. पुढे त्या मुलीकडे अकोल्याला राहायला गेल्या. फोन होतात, भेट नाही.

त्या दिवशी सून कामावर गेली होती, बाई एकट्याच होत्या. चहा झाला. ओट्याच्या कडेला चार खोकी ओळीने मांडलेली होती आणि शेजारी दोऱ्याने पेन बांधलेली एक वही.

"हे काय अजून?" मी विचारलं.

"डॉक्टरने सांगितलंय. रोज सकाळी चार वास घ्यायचे, मन लावून. नाकाला आठवण करून द्यायची म्हणे. लवंग, लिंबू, असलं काहीतरी सांगितलं त्याने." त्या हसल्या. "लवंग मला आयुष्यात कधी कामाला आली होती? मी माझ्या ओळखीचे घेते."

त्यांनी गॅलरीकडचं दार लोटलं, पंखा बंद केला. मी वही चाळली. रोजची तारीख, पुढे चार खोक्यांचे चार रकाने आणि प्रत्येकात 'नाही'. पानंच्या पानं तेच अक्षर, सरळ, न कंटाळलेलं. एका ठिकाणी 'बहुतेक' लिहिलेलं होतं, पण दुसऱ्या दिवशीच्या शाईने ते खोडून तिथेही 'नाही' केलं होतं.

"आजचं राहिलंय," असं म्हणून बाई खोक्यांसमोर बसल्या. मी निघायला उठले होते, चपला घालत होते. त्यांनी पहिली तीन उघडली, लिहिलं, बंद केली. चौथ्याचं झाकण उचललं आणि दाराशी उभ्या असलेल्या मला केळ्याचा वास आला, चांगला घमघमीत. मी काहीतरी बोलणार होते. त्यांनी माझ्याकडे न बघता हाताने मला गप्प केलं, डोळे मिटले आणि बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या.

मग डोळे उघडून त्यांनी वहीत 'नाही' लिहिलं, आणि पेनाला टोपण लावलं.